जुन्या गाडीची पचनशक्ती

दिवाळीच्या अंकात चकलीबद्दल लिहावे की मोटारीच्या इंजिनाबद्दल, असे कुणी विचारील. पण वाचकहो, दोहोंचे मर्म एकच, ते म्हणजे प्रमाण! मोहन जास्त झाले की चकली तेलात विरघळते, कमी पडले की दाताशी वैर धरते. तसेच पेट्रोल जास्त झाले की गाडी काळा धूर ओकते, कमी पडले की चढावर धापा टाकते.

माझ्या मेव्हण्याकडे 1996 सालची मारुती 800 आहे. सासऱ्यांनी ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती. सासरे गेले, गाडी राहिली, आणि "ह्यांची गाडी भंगारात जायची नाही" हा सासूबाईंचा हुकूमही राहिला. अलीकडे मात्र गाडी सकाळी चोक ओढूनही घरघरत बसे, सिग्नलला बंद पडे, आणि प्रदूषणाच्या तपासणीत नापास होई. एके दिवशी मेव्हणा म्हणाला, "भावोजी, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवू या. तीस हजारांच्या वर एक पैसा नाही. जमेल?"

हा प्रश्न पुष्कळ घरांत असणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

कार्ब्युरेटर म्हणजे जुन्या वळणाची स्वयंपाकीण. सगळा अंदाज हाताचा. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने ठराविक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल येते. भोकाचा आकार कारखान्यात ठरलेला. शुद्ध पेट्रोलच्या 1 भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. 2025 पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, आणि त्याला हवा लागते साडेतेरा भागांच्या आसपास. भोकाला हे कसे कळावे? ते आपले जुन्या मापानेच वाढते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र धुराच्या नळीतला ऑक्सिजन-सेन्सर चव घेऊन सांगतो, आणि छोटा संगणक त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो. ही विद्या नवी नव्हे. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन-पद्धत 1967 सालीच फोक्सवॅगनच्या गाडीत बसली होती.

तरीही पहिला सल्ला असा, की लगेच इंजेक्शनच्या मागे लागू नये. आधी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजावे, व्हॉल्व्हची फट, प्लग आणि प्रज्वलनाची वेळ पाहावी, कार्ब्युरेटर उघडून साफ करावा, नवे गॅस्केट घालावे. पुष्कळदा एवढ्यात तक्रार मिटते. मेव्हण्याच्या गाडीत मात्र कार्ब्युरेटरची थ्रॉटलची दांडी झिजून ढिली झाली होती; तिच्या फटीतून चोरटी हवा आत शिरे. अशा झिजेला साफसफाईचे औषध नाही.

दुसरा सल्ला: सुटे भाग दहा दुकानांतून गोळा करू नयेत. एकाचा पंप, दुसऱ्याचा संगणक, तिसऱ्याच्या तारा, हा संसार सुखाचा होत नाही. 800 ही गाडी पुढे इंजेक्शनसह निघू लागली आणि 2014 पर्यंत निघत होती. अपघातात सापडलेली अशी एखादी गाडी पाहावी आणि इंजिन, संगणक, तारांचा जुडगा, सेन्सर आणि पेट्रोलची टाकी हे सारे तिच्यातूनच घ्यावे. काही गाड्यांत संगणक चावी ओळखूनच इंजिन सुरू होऊ देतो, म्हणून मूळ चावीही मागून घ्यावी.

तिसरा सल्ला काटकसरीचा. ती सेन्सरच्या कंसात, बोल्टात, रंगात करावी. पंपात, नळीत, क्लँपात कधीही नाही. कार्ब्युरेटरच्या पेट्रोलला नावालाच दाब असतो. इंजेक्शनला सुमारे 3 बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट. जुनी रबरी नळी तिथे फुटली, की पेट्रोलची पिचकारी तापलेल्या इंजिनावर! शिवाय नवी नळी इथेनॉल सोसणारीच हवी. जुन्या टाकीतला गंज इंजेक्टरचे तोंड बुजवतो, तेव्हा टाकीची दयामाया करू नये.

चौथा सल्ला कागदाचा, आणि तो खरे तर पहिला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनमानी फेरफार चालू देत नाही. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची मंजुरी आधी, स्पॅनर नंतर, आणि मग नव्या इंजिनाचा नंबर नोंदणीत. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या वेळी कागदावर एक नंबर आणि इंजिनावर दुसरा निघाला, तर सगळा खर्च पाण्यात.

मेव्हण्याने हे चारही सल्ले पाळले. नळ्या आणि पंप नवे घेतल्याने तीस हजारांची वेस थोडी ओलांडली गेली. ती भर सासूबाईंनी आपल्या डब्यातून घातली. आता गाडी पहिल्या चावीला सुरू होते, तपासणीत पास होते. वेग वाढला का? मुळीच नाही. ती नव्या गाडीशी शर्यत लावायला निघालीच नव्हती. रस्त्यावर कुणाला धूर आणि घरात कुणाला धास्ती न देता सासूबाईंना देवळापर्यंत न्यावे, एवढेच तिचे काम, आणि तेवढे ती चोख करते.

ज्याच्या गाडीमागे अशी माया नाही, त्याने हा खटाटोप करू नये. व्यवहाराच्या हिशेबात तो बसत नाही. ज्याच्यामागे आहे, त्याने नळीवर पैसे वाचवू नयेत.