वाढीचा अंदाज म्हणजे वचन नव्हे

आमच्या शाळेतले एक सहकारी परवा स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, कंपनी स्वतःच सांगतेय की यंदा वीस टक्के वाढ होणार. मग भीती कसली?" हजसाठी जमवलेल्या पैशांतून ते शेअर घ्यायला निघाले होते. मी गप्प बसू शकलो नाही, कारण ही चूक मी स्वतः करून बसलो आहे.

आपल्याकडे शेअर घेताना पहिला प्रश्न हलाल-हरामचा असतो. धंदा कोणता, व्याजाचे कर्ज किती, हे विचारायलाच हवे. पण तेवढ्यावर आपण थांबतो. कंपनी जो वाढीचा अंदाज सांगते तो तपासायचा असतो, हे आपल्या गावी नसते.

इन्फोसिसचे उदाहरण घ्या. ही कंपनी दरवर्षी एप्रिलमध्ये महसूलवाढीचा अंदाज जाहीर करते. त्याला बाजारात 'गायडन्स' म्हणतात. चलनांच्या दरांतील चढउताराचा परिणाम वगळून हा आकडा दिलेला असतो. २०२३-२४ साठी एप्रिलमध्ये अंदाज होता ४ ते ७ टक्के. जुलैमध्ये तो १ ते ३.५ झाला, ऑक्टोबरमध्ये १ ते २.५ आणि जानेवारीत १.५ ते २. प्रत्यक्षात वाढ झाली १.४ टक्के. पुढच्या वर्षी उलटे घडले. एप्रिल २०२४ मध्ये १ ते ३ टक्के म्हटले होते, जानेवारीपर्यंत अंदाज ४.५ ते ५ वर गेला आणि वर्ष संपले ४.२ टक्क्यांवर.

यात लबाडी झाली असे मी म्हणत नाही. ग्राहक कंपन्यांनी खर्च आवरला की कोणाचाही अंदाज कोलमडतो. पण एक गोष्ट पाहा. दोन्ही वर्षी जानेवारीत, म्हणजे वर्षाचे जेमतेम तीन महिने उरले असताना दिलेला अंदाजही चुकला. इतक्या मोठ्या, अनुभवी कंपनीची ही गत, तर पाच वर्षांत दुप्पट होऊ म्हणणाऱ्या लहान कंपनीवर किती विसंबायचे? टीसीएस तर असा वार्षिक अंदाज देतच नाही.

म्हणून मी आता तीन गोष्टी बघतो. मागच्या चार-पाच वर्षांत काय सांगितले आणि काय झाले. वाढ कशाची, विक्रीची की नफ्याची, आणि ती स्वतःच्या धंद्यातून की दुसरी कंपनी विकत घेऊन. तिसरी सर्वांत महत्त्वाची: सांगितलेली वाढ आजच्या भावात आधीच धरलेली आहे का?

माझी चूक इथेच झाली. आकडे सोपे करून सांगतो. शेअरमागे नफा १० रुपये आणि भाव ४०० रुपये, म्हणजे नफ्याच्या चाळीस पट. वर्षभरात नफा खरोखर २० टक्के वाढून १२ रुपये झाला. पण बाजाराला त्याहून जास्त हवे होते. लोक पंचवीस पटच द्यायला तयार झाले आणि भाव आला ३०० वर. अंदाज खरा ठरला, तरी माझे पैसे एक चतुर्थांश घटले.

आपण 'इन्शाअल्लाह' म्हणतो तेव्हा उद्याचा दिवस आपल्या हातात नाही, हे कबूल करतो. कंपनीच्या कागदांतही अशी कबुली असते, की भविष्याबद्दलची ही विधाने खरी ठरतीलच असे नाही. ती बारीक अक्षरांत असते आणि आपण ती वाचत नाही.

सहकाऱ्यांना मी एवढेच म्हणालो, "भाई, दोन वर्षांनी हजला जायचंय ना? मग ही रक्कम बाजारात घालूच नका. दहा वर्षं हात लावावा लागणार नाही, अशी रक्कम असेल तर बोलू. आणि तेव्हाही आधी कंपनीचे जुने अंदाज काढून आणा, मग नवा वाचू."