शालू शोभावा, पण हजारो जिवांच्या मोलाने नको



लग्नसराई जवळ आली की घरोघरी बस्त्याची बोलणी सुरू होतात. "नवरीचा शालू रेशमीच हवा, सुती साडीत ती काय खुलणार?" हे वाक्य आपल्याच घरांत इतकं सहज बोललं जातं की त्यावर कुणी हरकत घेत नाही. मी घेते. जैन घरातल्या नवरीसाठी नवं रेशीम विकत घेऊ नये. आणि रेशीम टाळलं म्हणून तिचं रूप तसूभरही कमी होत नाही.

रेशीम कसं निघतं ते एकदा स्पष्ट बोलू या. अळी स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळून कोष करते. तो धागा शेकडो मीटर लांब असतो. आतून पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं आणि धागा तुटतो. म्हणून पतंग होण्याआधीच आतला जीव वाफेने किंवा गरम हवेने मारतात आणि मग कोष गरम पाण्यात घालून धागा उलगडतात. एका साडीसाठी असे हजारो कोष लागतात. हे चुकून होत नाही. जीव मारणं हा त्या पद्धतीचाच भाग आहे.

"पण आपण कुठे मारतो? आपण फक्त विकत घेतो." पाठशाळेतल्या मुलालाही याचं उत्तर येतं. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं, तिन्हींचा बंध होतो. गृहस्थाला शेतीत, स्वयंपाकात घडणारी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रही मानतं. शालू मात्र पोटापाण्याचा प्रश्न नाही. तो हौसेचा आहे, आणि हौसेसाठी त्रस जीवाचा घात कोणत्या अणुव्रतात बसतो?

लग्नाच्या स्वयंपाकात कांदा-बटाटा नको म्हणून आचाऱ्याला तीनदा बजावतो. पाणी गाळलं का, ते स्वतः जाऊन बघतो. पंगत दिवस मावळायच्या आत उठावी म्हणून धावपळ करतो. आणि ज्या मुलीसाठी हा सगळा थाट, तिला रेशमात गुंडाळून जिनमंदिरात दर्शनाला नेतो! रेशीम सोवळ्याचं, पवित्र, असं कुणी म्हणालं तर आपल्या आर्यिका माताजींकडे बघा. त्यांच्या अंगावर साधी पांढरी साडी असते. त्याहून पवित्र वस्त्र कोणतं?

आता दिसण्याचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. साडी अंगाला शोभते ती तिच्या वजनाने, पोताने, काठाने आणि रंगाने. अळीने नव्हे. उलट जाड, कडक रेशमी शालूच्या निऱ्या फुगतात आणि ठेंगणी मुलगी त्यात आणखी ठेंगणी दिसते. तिला अरुंद काठ आणि लहान बुट्टी शोभते. रुंद काठ उंच मुलीने मिरवावा. भरल्या अंगाला चापूनचोपून बसणारं मऊ कापड हवं, म्हणजे व्हिस्कोस जॉर्जेट किंवा मोडाल. हे धागे लाकडाच्या लगद्यापासून बनतात आणि त्यांना तजेलाही असतो. किडकिडीत मुलीला बारीक सुताची, जरीकाठी मंगळगिरी किंवा वेंकटगिरी भरदार दिसते. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. साडी दारात उजेडात न्या, मुलीच्या खांद्यावर टाका आणि साडीकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघा. चेहरा उजळला तर रंग तिचा. उरलेलं अर्धं काम ब्लाऊज करतो. खांद्यात नीट बसलेला ब्लाऊज साध्या साडीला शालूची ऐट देतो. आणि एप्रिल-मेच्या उन्हात, विधींच्या धगीत, घामाघूम नवरीपेक्षा मोकळा श्वास घेणारी नवरी नेहमीच देखणी दिसते.

दुकानात मात्र सावध राहा. सिल्क मार्कचं लेबल इतर बायका खात्रीसाठी शोधतात. आपण ते दिसलं की साडी खाली ठेवायची. चंदेरी आणि माहेश्वरीत सुताबरोबर बरेचदा रेशीम असतं. इरकलीचा पदर परंपरेने रेशमी असतो. सुती पैठणी मिळते, पण काठ-पदर कशाचा ते विचारा. खऱ्या जरीच्या आतही रेशमी धागा असू शकतो. शंका आली तर कडेचे दोन धागे मागून घ्या आणि बाहेर जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सूत जळताना कागदासारखा. पतंग उडून गेल्यावर काढलेलं 'अहिंसा रेशीम'ही मिळतं, पण दुकानदाराच्या शब्दापलीकडे पुरावा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

"सासरकडचे काय म्हणतील?" ही शेवटची ढाल. शालू सासरकडून येणार असेल तर बैठकीतच सांगा. मानपान, दागिने, जेवणावळी यांवर आपण तासन् तास बोलतो. तिथेच एक वाक्य बोलायचं: "आमच्या मुलीला रेशीम नको." समोरचेही जैनच आहेत. त्यांना हे कळणार नाही, असं आपण आधीच का धरून चालतो?

नवरीच्या आईने आणि आत्याने एवढं केलं तरी पुरे. बाकीच्या बायका बघतील, विचारतील आणि पुढच्या बस्त्याला तेच करतील.