पाणपोईवरचं ओगराळं

मुलांनो, ऊन तापायला लागलं की आमच्या साखरखेर्ड्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं. ओसरीवर बसलेल्या आजी कपाळाचा घाम पुसत म्हणतात, "आमच्या टायमाले पान्याचे पैसे नव्हते लागत, बाप्पा! आता माणुसकीच राह्यली नाही." घरातले मोठेही मान डोलावतात. कारण समोर दिसतं तेच. प्रवासाला निघालं की पाण्याची बाटली विकत, आणि लग्नकार्य असलं की वीस-वीस लिटरचे जार विकत.

तुम्ही हे ऐकता आणि तुम्हांला वाटतं, म्हणजे पूर्वीची सगळी माणसं चांगली होती आणि आताची सगळी वाईट? थांबा! एवढ्या लवकर निकाल द्यायचा नाही. आज आपण एकच जुनी गोष्ट हातात घेऊ आणि नीट निरखून पाहू. ती गोष्ट म्हणजे पाणपोई.

आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. अशा उन्हात पायी जाणाऱ्यासाठी, बैलगाडीवाल्यासाठी, बाजारकऱ्यांसाठी लोक वाटेवर पाणपोई घालत. कडुलिंबाच्या किंवा वडाच्या सावलीत तुराट्यांचा छोटासा मांडव, खाली ओल्या वाळूचा ओटा, त्यावर दोन-तीन रांजण आणि रांजणांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट. कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई घाली, तर कुणी नुसतं पुण्य म्हणून. येणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत.

त्या रांजणातलं पाणी बर्फाशिवाय थंड कसं राही, ठाऊक आहे? मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि उरलेलं पाणी गार होतं. वारा जितका कोरडा, तितकी वाफ भराभर होते. म्हणून आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान काम करतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तोच माठ तितकं गार पाणी देत नाही.

तहानलेल्याला पाणी नाकारू नये, हे आपल्या भागात किती खोल रुजलं होतं, ते शेगावच्या गजानन महाराजांच्या एका कथेतही दिसतं. अकोलीच्या शिवारात महाराजांनी भास्कर पाटलांकडे पाणी मागितलं. पाटलांनी ते डोक्यावरून गावातून वाहून आणलेलं होतं. "धडधाकट माणसाला पाणी पाजून काय पुण्य?" असं म्हणून त्यांनी नकार दिला. मग महाराज जवळच्या कोरड्या विहिरीकडे गेले आणि तिला पाणी लागलं, अशी ती कथा. बुलडाणा जिल्ह्यातल्या मुलांना ती तोंडपाठ असते. कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं की, पाणी मागणाऱ्याची लायकी तपासत बसायचं नसतं.

आता रांजणाजवळच्या एका वस्तूकडे पाहू. तिचं नाव ओगराळं. लांब दांड्याचं, खाली वाटीसारखं भांडं. ते रांजणात बुडवायचं आणि वरून धार धरायची. प्यायला आलेला माणूस खाली वाकून ओंजळ करी आणि पाणी पिई. रांजणात कुणाचा हात बुडत नाही, भांडं उष्टं होत नाही. किती सोयीची युक्ती, नाही का?

पण मुलांनो, त्या लांब दांड्याचा आणखी एक उपयोग होत असे. पाणी वाढणाऱ्याला समोरच्याचा स्पर्श होऊ नये, हा! काही माणसांना 'अस्पृश्य' ठरवलेलं होतं. त्यांना दुरूनच, वरून पाणी घातलं जाई. पुष्कळ ठिकाणी तर तेही मिळत नसे. गावच्या विहिरीवर त्यांनी यायचं नाही, तळ्याला हात लावायचा नाही. ज्या गावात पुण्य म्हणून पाणपोई घालत, त्याच गावात हेही चाले.

याची एक खरी गोष्ट सांगते. 1901 सालची. सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला वडील नोकरीला होते, म्हणून त्यांना भेटायला चार मुलं निघाली. नवे कपडे घालून, आनंदात. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणीच आलं नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही कसं? गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं! रात्री ती टोलनाक्यावर पोचली. जवळ भरपूर खाणं होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. त्यांनी नाकेदाराकडे पाणी मागितलं. तो म्हणाला, माझ्याकडे पाणी नाही, टेकडीवर आहे, हवं तर जाऊन आणा. डबे भरलेले असूनही ती मुलं त्या रात्री उपाशी झोपली.

त्यांतला एक मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याचं नाव भीमराव. पुढे तोच भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. शाळेतही त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान!

मग सांगा, "पूर्वी पाणी फुकट होतं" हे आजींचं म्हणणं खोटं का? नाही, खरंच आहे. पण ते सगळ्यांसाठी खरं नव्हतं. ज्याला पाणी मिळालं त्याची आठवण गोड, ज्याला नाकारलं त्याची आठवण कडू. जुन्या काळाविषयी विचारायचं असेल, तर दोघांनाही विचारायला हवं.

चांगली गोष्ट ही, की हा दोष दूर करायला माणसंच पुढे आली. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद सर्वांना खुला केला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक पाणी प्यायले. त्यावरून कोर्टात खटला झाला, तो दहा वर्षं चालला आणि 1937 साली मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूनं निकाल लागला. 1950 साली राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तळी यांचा उल्लेख करून सांगितलं आहे की तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. तरी 1972 च्या दुष्काळात डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगावी फिरावं लागलं. कायदा झाला, तरी सवय लवकर सुटत नाही, हे त्यावरून समजतं.

म्हणून मला वाटतं, जुनं ते सगळं सोनं नसतं आणि सगळं टाकाऊही नसतं. आपल्या आया धान्य कसं निवडतात? खडे काढतात, दाणे ठेवतात. पाणपोईतला दाणा म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तहानलेल्याला पाणी देणं. खडा म्हणजे 'तू कोण?' हा प्रश्न. खडा काढून टाकू, दाणा मात्र जपू. कारण आज तो दाणाच हरवायला लागला आहे, आणि आजींची हळहळ तेवढ्यापुरती अगदी खरी आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. पालक म्हणतात, उघड्यावरच्या पाण्यानं पोटं बिघडतात. ते बरोबरच आहे. म्हणून पाणपोई जरूर घाला, पण शुद्ध पाण्याची. रांजण रोज घासा, झाकण ठेवा. आणि ओगराळ्याऐवजी रांजणाला खाली तोटी बसवा. ज्याला तहान लागेल तो स्वतः पाणी घेईल. पाणी स्वच्छही राहील आणि कुणाला कुणापुढे ओंजळ करून वाकायला नको.

आता या आठवड्याचा गृहपाठ. घरच्या आणि शेजारच्या वृद्ध माणसांना विचारा, "तुमच्या लहानपणी तुम्ही पाणी कुठे प्यायचात? कोण वाढायचं? कुणाला तिथे यायला बंदी होती का?" किमान दोन वेगवेगळ्या आळ्यांतल्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

दुसरं काम आईबाबांबरोबर करायचं. पोस्टमनकाका, गॅसची टाकी आणणारे दादा, घरकामाला येणाऱ्या मावशी आपल्या दारात येतात. त्यांना आपण न मागता पाणी विचारतो का? आणि त्यांचा पेला कुठे ठेवलेला असतो? आपल्या पेल्यांच्या फळीवर, की वेगळा, मोरीच्या कट्ट्यावर?

वेगळा असेल, तर समजा की ते लांब दांड्याचं ओगराळं अजून आपल्याच घरात आहे. तो पेला धुऊन आपल्या फळीवर ठेवा. बस्स, एवढंच. पैसा लागत नाही की भाषण लागत नाही. आणि मग आजींना सांगा, "माणुसकी आहे, आजी! आता ती सगळ्यांसाठी आहे."