दुधाचे लोशन : बाटलीत नको

आषाढ-श्रावणात मावळच्या हवेत मिठालाही पाणी सुटते. अशा हवेत दूध, मध व गुलाबजल घोटून बाटलीत भरलेले ‘घरगुती लोशन’ किती टिकणार? तरीही लोणावळ्यात येणाऱ्या पर्यटकांची मागणी पाहून ते आपण विक्रीस ठेवावे, असे काही व्यावसायिक बंधू सुचवितात. हे मत मला मान्य नाही. नासलेले दूध भेगाळलेल्या त्वचेवर चोळून कोणाला पुटकुळ्या आल्या, तर दोष आयुर्वेदाच्याच माथी येईल.

दुधाच्या गुणांविषयी दुमत नाही. मसुराचे पीठ दुधात कालवून रुग्णाने घरी लेप करावा, उरलेला टाकून द्यावा. शिळा लेप सुश्रुताचार्यांनीच निषिद्ध मानला आहे.

टिकाऊ कल्प हवा असल्यास दूध स्नेहात सिद्ध करावे. कुंकुमादि तैलात शेळीचे दूध असते. परंतु पाक पूर्ण झाल्यावर जलांश उरत नाही. कल्काची वात वळते, अग्नीत टाकल्यास ती तडतडत नाही, तैलावर फेस येतो. ही तडतड म्हणजे पूर्वाचार्यांची आर्द्रतेची परीक्षाच! दूध बुडाला लवकर लागते, म्हणून आच मंद हवी. येथे घाई करणाऱ्याचे तैल करपते.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात वैद्याला स्वतःच्या रुग्णापुरते औषध करण्याची मोकळीक आहे. दुकानात मांडण्यासाठी उत्पादन करावयाचे तर परवाना लागतो, बाटलीवर मुदतही छापावी लागते. कच्च्या दुधाच्या बाटलीवर औषधालयाचे मालक कोणती तारीख घालणार आहेत?