घर कशावर चालते?

मुलांनो, शाळेत नाव घालताना नोंदवहीत ‘पालकाचा धंदा’ असा एक रकाना भरावा लागे. खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने मी त्या रकान्यात शेकडो वेळा ‘शेती’ एवढाच शब्द लिहिला. तो शब्द खोटा नव्हता. पण अपुरा होता, असे आज मला वाटते.

कोरडवाहू मुलखातील एखाद्या शेतकऱ्याचे घर पाहा. आई पहाटे गोठ्यात जाऊन धार काढते आणि दूध डेअरीवर पाठवते. आपली पेरणी आटोपली, की वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. आजी कोंबड्या सांभाळते. थोरला भाऊ शहरातील कारखान्यात राबतो आणि दरमहा पैसे पाठवतो. पाऊस दगा देतो किंवा भाव कोसळतो, तेव्हा दोराचा एक पेड तुटावा आणि उरलेल्या पेडांनी ओझे पेलावे, तसे हे सारे हात घर सावरून धरतात.

२०१८-१९ या शेतीवर्षाबाबत केंद्र सरकारने देशातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. एका कुटुंबाची मासिक मिळकत सरासरी १०,२१८ रुपये भरली. त्यांत पिकांचे ३,७९८ रुपये होते, जनावरांपासूनचे १,५८२ रुपये होते, तर मजुरीचे व पगाराचे ४,०६३ रुपये होते. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातही पिकापेक्षा मजुरीचाच वाटा मोठा!

कित्येकांना मजुरी करण्यात कमीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. घामाचा पैसा कधीच हलका नसतो. मात्र ही धडपड पुष्कळदा हौसेची नसून नाइलाजाची असते, हेही विसरता कामा नये. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या रिकाम्या जागा वर्गात पाहिल्या, की माझे मन खिन्न होई. मुलांचे शिक्षण बुडवून मिळणारी मिळकत फार महाग पडते. शेतमालाला रास्त भाव आणि गावातच काम मिळाले, तर ही किंमत मोजावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. पाणी भरणे, भाकऱ्या थापणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे या आईच्या कष्टांचा एक पैसाही त्या मिळकतीत धरलेला नाही. तरीही त्यांवाचून घरातील दुसरा कोणताही हात चालणार नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाच्या हातांकडे नीट पाहा. ‘तुमचे घर कशावर चालते?’ असे कोणी विचारले, तर एका शब्दावर थांबू नका.