यंत्राची दृष्टि आणि आपली दृष्टि

आतां यंत्रेंच शिकूं लागलीं आहेत, तर मुलांनीं शिकण्याचा खटाटोप कशास करावा, असा प्रश्न अलीकडे आमच्या कानीं वारंवार येतो. त्याचें उत्तर एका देवमाशाच्या प्रवासांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

हंपबॅक जातीचा देवमासा खोल बुडी मारतांना आपलें शेपूट पाण्याबाहेर उचलतो. त्याच्या खालच्या अंगावरील काळीपांढरी नक्षी, जखमांचे वण आणि कडेचे दांते प्रत्येक प्राण्याचे निराळे असतात. जणूं अंगठ्याचा ठसाच. १९७० च्या दशकापासून संशोधक या शेपटांचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं ठेवून डोळ्यांनीं ताडून पाहात. पुढें छायाचित्रें हजारोंनीं वाढलीं, तेव्हां ओळख पटलेलीं शेपटें दाखवून संगणकासच ही विद्या शिकविण्यांत आली. आज 'हॅपीव्हेल' नांवाच्या संग्रहांत शास्त्रज्ञ व समुद्रप्रवासी आपलीं छायाचित्रें धाडतात, आणि यंत्र जुळणारें शेपूट क्षणांत शोधून देतें.

कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत २०१३ व २०१७ सालीं टिपलेला एक नर २०२२ सालीं आफ्रिकेच्या पूर्वेस झांजिबारजवळ आढळला. या स्थळांमधील अंतर कमींत कमी १३,०४६ किलोमीटर आहे! ही हकीकत २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. उत्तर पॅसिफिकमधील हंपबॅक देवमाशांची संख्या २०१२ ते २०२१ या काळांत सुमारें एकपंचमांशानें घटली, हें दुःखद सत्यही याच रीतीनें उघडकीस आलें.

यंत्राचें हें ऋण आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु तो नर इतका दूर कां गेला? अन्नासाठीं कीं जोडीदारासाठीं? हें यंत्रानें सांगितलें नाहीं. ते तर्क मनुष्यांसच करावे लागले. शिवाय, कोणीं आळसानें छायाचित्राखालीं खोटें ठिकाण अथवा चुकीचा दिनांक लिहिला असता, तर यंत्रानें घडलाच नाहीं असा प्रवासही तितक्याच निःशंकपणें जुळवून दिला असता. सत्याचा पाया यंत्रांत नसून नोंद करणाऱ्याच्या प्रामाणिकपणांत आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रयोगाच्या वहींत शेजाऱ्याचें उत्तर उतरूं नका; स्वतः जें पाहिलें तेंच लिहा. आणि पालकांनीं मुलगा घरीं येतांच "गुण किती मिळाले?" एवढेंच न विचारतां, "आज काय पाहिलेंस?" असेंही विचारावें. नीट पाहाणारीं व खरें लिहिणारीं मुलें नसतील, तर उद्यांचीं यंत्रें तरी कोणापासून शिकणार?