सल्लागारापुढें अंगठा

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीं लेकरांस घेऊन पुण्यास येणाऱ्या आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस दोन शब्द सांगणें आम्हांस भाग आहे. पूर्वी कुळकर्णी वतनदार दाखवील तेथें आपले आजे अंगठा उठवीत. आज मुलगी ‘नीट’ परीक्षा उत्तीर्ण होते, तरी सल्लागारापुढें बाप मुका आणि लेकही मुकी! कॉलेजांचा पसंतीक्रम तोच लावणार, पासवर्डही त्याच्याच वहींत. मग शिकून मिळविलें काय?

सल्ला घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. जाणत्यास विचारावें, योग्य तें मोलही द्यावें. परंतु १९४६ सालीं निघालेल्या बी. जे. मेडिकल कॉलेजांतील राज्याच्या वांट्याच्या जागा गुणानुक्रमानें व आरक्षणाच्या नियमानें सीईटी कक्ष देतो, सल्लागार नव्हे. ते नियम कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतात. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस घरांतील मुलींस केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंत शिक्षणशुल्क माफ आहे. हें त्यानें तुम्हांस सांगितलें काय?

म्हणून पसंतीक्रम मुलांनीं स्वतः लावावा, मूळ दाखले घरीं ठेवावे, जातपडताळणी आधींच उरकावी, दिलेल्या पैशाची पावती मागावी. प्रश्न विचारतांच जो रागावतो, त्याच्यापुढें पुन्हा अंगठा उठवूं नका!